पश्य मृगो धावति : नेमकं काय बघायचं?

"पश्य, मृगो धावति." बघ, हरीण धावतंय. संस्कृतचे पहिले धडे गिरवणाऱ्यालाही अडणार नाही असं हे वाक्य. शब्द तीन, त्यातली दोन क्रियापदं आणि एक नाम. पण ‘पश्य’ ला कर्म हवं. बघणं म्हटलं की कशाला तरी बघणं आलं. मग या वाक्यात बघायचं काय? हरीण, की त्याचं धावणं?

प्रश्न शाळकरी वाटतो, पण सतराव्या शतकात कौण्डभट्ट या वैयाकरणाने, म्हणजे व्याकरणशास्त्राच्या पंडिताने, ‘वैयाकरणभूषणसार’ या ग्रंथात याच वाक्याच्या आधाराने नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्या तार्किकांचा, एक मूलभूत सिद्धान्त अडचणीत आणला. वाक्यार्थाच्या एका मोठ्या वादाचा निकाल एवढ्याशा उदाहरणावर लावायचा हे धाडसाचं आहे, आणि ते बऱ्याच अंशी यशस्वी झालं असं माझं मत आहे. पूर्णपणे का नाही, ते पुढे येईलच.

वाद कशाचा

वाक्य ऐकल्यावर होणाऱ्या बोधाला आपल्या परंपरेत शाब्दबोध म्हणतात. हा बोध म्हणजे अर्थांचा ढीग नव्हे. त्यात एक अर्थ मध्यावर असतो आणि बाकीचे त्याला लागून येतात. ‘निळं कमळ’ म्हटलं की कमळ विशेष्य आणि निळेपणा त्याचं विशेषण. हेच अख्ख्या वाक्याबद्दल विचारलं, की सगळ्यांत शेवटी ज्याला काहीही विशेषित करायचं उरत नाही असा अर्थ कोणता, तर त्याला नाव आहे मुख्यविशेष्य. वाद या मुख्यविशेष्याचा.

‘चैत्रः पचति’ घ्या. नैयायिक म्हणतात, प्रथमा विभक्तीतलं नाम जे सांगतं ते मुख्य. म्हणजे बोध असा : शिजवण्याला अनुकूल प्रयत्न ज्याच्या ठायी आहे असा चैत्र. वैयाकरण म्हणतात, धातूने सांगितलेला व्यापार मुख्य : चैत्र ज्याचा कर्ता आहे असा, शिजण्याला अनुकूल व्यापार. मीमांसकही, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे, क्रियेच्याच बाजूचे, पण ते तिचं मूळ धातूत न शोधता प्रत्ययात शोधतात आणि तिला भावना म्हणतात. वेदातल्या विधिवाक्याने माणसाला काहीतरी करायला लावलं पाहिजे, ही त्यांची निकड. या प्रकरणापुरते त्यांना बाजूला ठेवतो. त्यांची गरज एकदाच लागेल.

या मतांमागे नुसता हट्ट नाही. न्यायाच्या जगात द्रव्य हा आश्रय आहे. गुण असोत की कर्म, ती कुठल्यातरी द्रव्यात राहतात. भाषेतही आश्रय मध्यावर यावा, हे त्यांच्या दृष्टीने ओघानेच येतं. वैयाकरणांच्या हाताशी यास्काचं जुनं वचन आहे, ‘भावप्रधानमाख्यातम्’, म्हणजे क्रियापदात क्रिया प्रधान. शिवाय पाणिनीची सगळी कारकव्यवस्था क्रियेभोवती उभी आहे : कर्ता, कर्म, करण, अपादान, ही सगळी क्रियेशी असलेली नाती. धातूचा अर्थ फल (क्रियेचा परिणाम) आणि व्यापार, तिङ् म्हणजे क्रियापद घडवणाऱ्या प्रत्ययाचा अर्थ त्यांचा आश्रय, आणि या सगळ्यात व्यापार प्रधान, असं सांगणारी कारिका, म्हणजे सिद्धान्त सांगणारा श्लोक, भट्टोजी दीक्षितांची. कौण्डभट्ट त्यांचा पुतण्या आणि या कारिकांचा भाष्यकार.

न्यायमताला एक किंमत मोजावी लागते हे आधीच नोंदवतो. तिङ् प्रत्ययाचा अर्थ कृती, म्हणजे प्रयत्न, असं धरलं की ‘रथो गच्छति’ म्हणताना पंचाईत होते, कारण रथ प्रयत्न करत नाही. तिथे त्यांना लक्षणेचा, म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेण्याचा, आधार घ्यावा लागतो. ही अडचण खरी आहे, पण जीवघेणी नाही. प्रत्येक मताला कुठेतरी लक्षणा लागतेच.

साध्या वाक्यात निकाल का लागत नाही

‘मृगो धावति’ एवढंच म्हटलं तर दोन्ही मतांत व्यवहाराचा फरक पडत नाही. धावणारं हरीण म्हणा किंवा हरणाचं धावणं म्हणा, ऐकणाऱ्याला तीच परिस्थिती कळते. एक म्हणतो मध्यावर हरीण आहे, दुसरा म्हणतो धावणं आहे, आणि जगात दोन्ही एकाच ठिकाणी सापडतात. वाद इथेच थांबला असता तर तो निव्वळ शब्दांचा खेळ ठरला असता.

कौण्डभट्टाने केलं काय, तर हे वाक्य दुसऱ्या क्रियेच्या पोटात घातलं. वाक्याचा मुख्य अर्थ कोणता हे कळायचं असेल तर ते वाक्य दुसऱ्या वाक्यात शिरताना त्यातला कोणता अर्थ बाहेरच्या क्रियेशी जोडला जातो ते बघा. जो जोडला जाईल तो मुख्य. प्रकरणातला सगळ्यांत मोलाचा भाग मला हाच वाटतो, कारण आता अर्थाबद्दलच्या दाव्यातून विभक्तीबद्दल भाकीत निघतं आणि विभक्ती तर कानाला ऐकू येते.

भाकीत असं. नैयायिकांच्या मते ‘मृगो धावति’ मध्ये मुख्य आहे मृग. तर मग ‘पश्य’ शी कर्म म्हणून मृगच जोडला जाणार. कर्माला द्वितीया हे पाणिनीने सांगितलंच आहे, ‘कर्मणि द्वितीया’. म्हणजे ‘मृगः’ च्या जागी ‘मृगम्’ यायला हवं. आणि मृग प्रथमेत राहिला नाही की पाणिनीचाच दुसरा नियम जागा होतो : प्रथमेखेरीज दुसऱ्या विभक्तीतल्या पदाशी समानाधिकरण, म्हणजे त्याच वस्तूला उद्देशून, असताना वर्तमानकाळाच्या लट् प्रत्ययाच्या जागी शतृ किंवा शानच् हे ‘धावणारा’ अशी विशेषणं घडवणारे प्रत्यय येतात. मग वाक्य उरेल ‘धावन्तं मृगं पश्य’. हे वाक्य संस्कृतात आहे, उत्तम आहे, पण ते वेगळं वाक्य आहे. शतृ टाळायची काही युक्ती सापडली तरी द्वितीया टळत नाही, आणि ‘पश्य मृगो धावति’ हे वाक्य मुळात अशक्य ठरतं. पण लोक तर ते बोलतात.

वैयाकरणांना हीच गोष्ट सोपी जाते. मुख्य आहे धावण्याचा व्यापार, तोच बघण्याचं कर्म. मग ‘धावति’ ला द्वितीया का नाही? कारण द्वितीया लागते प्रातिपदिकाला, म्हणजे नामाच्या मूळ रूपाला, आणि ‘धावति’ हे प्रातिपदिक नव्हे. मृग धावण्याचा कर्ता म्हणून आपल्या जागी, प्रथमेत, स्वस्थ राहतो. रूप आणि अर्थ दोन्ही जुळले.

नैयायिकांची वाट आणि तिच्यावरची अडवणूक

न्यायाच्या बाजूचं सहज सुचणारं उत्तर म्हणजे अध्याहार. ‘पश्य’ नंतर ‘तम्’ मनात धरा : हरीण धावतंय, त्याला बघ. दोन वाक्यं झाली, दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

कौण्डभट्टाचे यावर आक्षेप आहेत. पहिला, असं केलं तर वाक्यभेद होतो, म्हणजे एका वाक्याची दोन होतात, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे भाष्याने, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या पतंजलीच्या महाभाष्याने, इथे एकवाक्यता मानली आहे. दुसरा आक्षेप जास्त खोल आहे : बोलणाऱ्याला दाखवायचं आहे ते उत्कट धावणं. ‘त्याला बघ’ म्हटलं की बोट हरणाकडे जातं आणि धावणं मागे पडतं. हरीण उभं असतं तर हा माणूस बोललाच नसता. वाक्यार्थाचं वर्णन करताना बोलणाऱ्याने काय पुढे ठेवलं ते हरवत असेल, तर रूपं जुळूनही वर्णन चुकलं.

पहिल्या आक्षेपाशी मी जरा जास्त थांबलो, कारण तो वैयाकरणांवरच उलटेल असं वाटत होतं. पाणिनीच्या सूत्रांवर टिपणं लिहिणाऱ्या कात्यायनाच्या वार्तिकात वाक्याचं लक्षणच ‘एकतिङ्’ असं आहे, म्हणजे एक तिङन्त (क्रियापद) ते वाक्य. इथे तर ‘पश्य’ आणि ‘धावति’ अशी दोन आहेत! मग एकवाक्यता कुठून आणणार?

याचं उत्तर ‘वाक्यपदीय’कार भर्तृहरीने फार पूर्वी दिलं होतं, आणि ते वाचताना खरोखर आनंद होतो. पाणिनीचं सूत्र आहे ‘तिङ्ङतिङः’ : तिङन्त नसलेल्या पदानंतर आलेलं तिङन्त आपला स्वर गमावतं. ही स्वरहानी एकाच वाक्याच्या आत होते. आता एका वाक्यात एकच तिङन्त असू शकलं असतं, तर ‘तिङन्त नसलेल्या पदानंतर’ ही अट घालायची गरजच काय होती? तिङन्तानंतर तिङन्त येण्याचा प्रसंगच उद्भवला नसता. ज्या अर्थी पाणिनीने अट घातली, त्या अर्थी परस्परांची आकांक्षा, म्हणजे अर्थ पुरा व्हायला एकमेकांची गरज, असलेली अनेक तिङन्तं एका वाक्यात नांदू शकतात. नियमातल्या एका शब्दाच्या प्रयोजनावरून वाक्याची कल्पना बाहेर काढायची, हे व्याकरणातल्या अनुमानाचं फार देखणं उदाहरण आहे.

मीमांसकांची गरज लागते ती इथे. जैमिनीचं वाक्यलक्षण : प्रयोजन एक असेल आणि तोडल्यावर भाग साकांक्ष राहत असेल तर ते एक वाक्य. ‘पश्य’ तोडून पाहा. काय बघू, हा प्रश्न लोंबकळत राहतो. ‘मृगो धावति’ मात्र एकटं पुरतं. म्हणजे आकांक्षा एकाच बाजूने आहे. एवढ्याने एकवाक्यता सिद्ध होते का, यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. मला होते असं वाटतं, कारण एका भागाला जरी दुसऱ्याची भूक असली तरी जोड तुटत नाही.

न्यायाच्या बाजूने आणखी एक वाट काढता येईल : मृग एकटा कर्म न होता धावण्याने विशेषित असा संपूर्ण वाक्यार्थ कर्म होतो, आणि वाक्यार्थाला विभक्ती लागत नाही. ही वाट चांगली आहे. पण तिच्यावर पाऊल टाकलं की मुख्यविशेष्य बाहेरच्या क्रियेशी जोडलं जातं हे तत्त्व सोडावं लागतं, आणि मग प्रथमान्ताला मुख्य म्हणण्यातून काय साधलं, हा प्रश्न उरतो.

पण क्रिया दिसते का?

इथवर वैयाकरण जिंकल्यासारखे वाटतात. अडचण त्यांच्याच घरातून येते.

पतंजलीने महाभाष्यात क्रियेबद्दल म्हटलं आहे की ती अत्यंत अपरिदृष्ट आहे. पिंडासारखी उचलून दाखवता येत नाही, ती अनुमानानेच कळते. भर्तृहरी याच धाग्याने पुढे जातो : क्रमाने जन्मणाऱ्या अवयवांचा समूह, ज्यात बुद्धीने अभेद कल्पिला आहे, त्याला क्रिया म्हणतात. खूर उचलणं, पुढे टाकणं, पुन्हा उचलणं. एक अवयव असतो तेव्हा दुसरा गेलेला असतो किंवा यायचा असतो. ‘धावणं’ असं एकसंध काही कोणत्याही क्षणी समोर नसतं.

मग ‘धावणं बघ’ याचा अर्थ काय? जे दिसूच शकत नाही ते बघायला सांगायचं? नैयायिकाने इथे नेमकं बोट ठेवावं : तुमच्या भाष्यकाराच्या मते क्रिया अनुमानगम्य, आणि तुमच्या वाक्यार्थात ती दर्शनाचं कर्म. माझं हरीण निदान डोळ्यांना दिसतं.

ही कोंडी शाब्दिक नाही, आणि ती सुटते ती वैयाकरणांच्या एका मूळ भूमिकेमुळे. पतंजलीचंच वचन आहे : आम्ही शब्दाला प्रमाण मानणारे, शब्द जे सांगतो ते आम्हाला प्रमाण. व्याकरणाला विचारायचं ते एवढंच, की बोलणाऱ्याने शब्दांतून काय कशाशी जोडलं. डोळ्याचा संयोग नेमका कशाशी होतो हा वेगळा प्रश्न. शब्दाने धावण्याला दर्शनाचं कर्म केलं आहे आणि ते धावणं बुद्धीने एकत्र बांधलेलं आहे. बघणारा तुकडे बघतो, शब्द त्यांना एक म्हणतो. नैयायिक मात्र शब्दार्थ आणि वस्तू यांच्यात एवढं अंतर ठेवायला तयार नाही. त्याच्या मते बोधाला जे विषय होतं ते जगात तसंच असलं पाहिजे. माझ्या मते मतभेदाचं खरं मूळ इथे आहे, आणि ‘पश्य मृगो धावति’ वरची सगळी झटापट या मुळावर उगवलेली आहे.

हाच प्रश्न पुन्हा

विसाव्या शतकात हाच प्रश्न इंग्रजी वाक्यांच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला. तो उभा करणाऱ्यांनी कौण्डभट्ट वाचला होता असं मी सुचवत नाही. म्हणूनच साम्य जास्त बोलकं वाटतं.

१९६७ मध्ये तत्त्वज्ञ डोनाल्ड डेव्हिडसनने मांडलं की क्रियावाचक वाक्यात घटनेसाठी एक लपलेली जागा असते आणि क्रियाविशेषणं त्या घटनेची विशेषणं असतात. वैयाकरणाला यात नवल वाटणार नाही. ‘शीघ्रं धावति’ मधलं ‘शीघ्रम्’ धावण्याचं विशेषण आहे हे तो नेहमीच म्हणत आला. १९८१ मध्ये जॉन बारवाइजने थेट ‘अमक्याला अमकं करताना पाहिलं’ अशा वाक्यांचाच अभ्यास केला. त्याचं म्हणणं, अशा वेळी जगाचा एक तुकडा, एक दृश्य, पाहिलं जातं. १९८३ मध्ये जेम्स हिगिनबॉथमने उत्तर दिलं की वेगळ्या दृश्यांची गरज नाही, डेव्हिडसनच्या घटना पुरतात : एक घटना आहे, ती हरणाचं धावणं आहे, आणि मी ती पाहिली. हरणाचं उदाहरण माझं, पण सांगाडा त्याचाच, आणि तो कौण्डभट्टाच्या वाक्यार्थाशी जवळजवळ जुळतो.

बारवाइजने दाखवलेला एक फरक मराठीत फार स्वच्छ दिसतो. ‘मी चोराला पळताना पाहिलं.’ तो चोर आहे हे मला तेव्हा ठाऊक नसलं तरी वाक्य खरं ठरू शकतं. ‘चोर पळतोय हे मी पाहिलं’ म्हटलं की मात्र मला ते उमगलं होतं असा अर्थ येतो. पहिल्यात डोळ्यांनी पाहणं आहे, दुसऱ्यात जाणणं मिसळलं आहे.

आता मराठी रूपं जरा तपासू. ‘मी हरीण धावताना पाहिलं.’ अनेकवचन करा : ‘मी हरणं धावताना पाहिली.’ क्रियापद हरणांबरोबर बदललं, म्हणजे व्याकरणाने कर्माचं आसन हरणांना दिलं. आता दुसरी रचना : ‘हरणं धावताहेत हे मी पाहिलं.’ हरणं अनेक झाली तरी ‘पाहिलं’ जागचं हललं नाही. इथे कर्माच्या आसनावर ‘हे’ आहे आणि ‘हे’ म्हणजे अख्खं वाक्य. तिसरी : ‘हरणांचं धावणं मी पाहिलं.’ इथे धावणं नाम होऊन स्वतःच कर्म झालं.

पहिल्या रचनेने मला बराच वेळ अडवून धरलं. ‘हरणं धावताना पाहिली’ मध्ये रूप नैयायिकाला साक्ष देतं : कर्म हरणं. पण बोलणाऱ्याने सांगितलंय ते त्यांच्या धावण्याबद्दल. म्हणजे क्रियापद कोणाशी जुळतं आणि अर्थात मध्यावर कोण, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. कौण्डभट्टाची युक्ती या दोन्ही एकत्र जातात असं गृहीत धरते. संस्कृतातल्या त्याच्या वाक्यापुरतं ते गृहीतक टिकतं. ते सगळीकडे टिकेल असं मी म्हणणार नाही, आणि याच कारणाने सुरुवातीला ‘बऱ्याच अंशी’ म्हटलं.

आणि ‘बघ, हरीण धावतंय’? मराठीत इथे ‘हे’ नाही, ‘ताना’ नाही, विभक्तीचा काही पुरावाच नाही. त्याला दोन वाक्यं म्हणा नाहीतर एक, रूप गप्प राहतं. अर्थावरून मात्र मी वैयाकरणांच्या बाजूने कौल देईन, त्याच कारणासाठी जे कौण्डभट्टाने दिलं.

नकार घातला तर

एक ठिकाण असं आहे जिथे माझा कौल डळमळतो. वाक्यात ‘न’ घाला : ‘पश्य, मृगो न धावति.’ कुत्रे जवळ आले, हरीण मात्र जागचं हलत नाहीये. बघ, ते धावत नाही. वाक्य पूर्ण समजतं, आणि त्यात तोच आग्रह आहे.

घटनेची भाषा इथे अडखळते. धावण्याची घटनाच घडली नाही, तर पाहायचं काय? हिगिनबॉथमची परंपरा म्हणेल की ‘न धावणं’ म्हणजे उभं राहणं, थबकणं असं काही विरुद्ध क्रियेचं वर्णन धरा. काही वाक्यांत ते चालतं. पण बोलणारा उभं राहण्याकडे बोट दाखवत नाहीये. अपेक्षित असलेलं धावणं घडत नाही, याकडे दाखवतोय. वैयाकरण धावण्याचा अभाव कर्म आहे असं म्हणू शकेल, पण त्यासाठी त्याला अभाव दिसतो असं मानावं लागेल, आणि हे मत त्याच्या घरचं नाही.

नैयायिकाकडे ते तयार आहे. अभाव हा त्याच्या जगातला स्वतंत्र पदार्थ, आणि तो इंद्रियांनी, आश्रयाचं विशेषण म्हणून, प्रत्यक्ष कळतो. भाट्ट, म्हणजे कुमारिल भट्टाच्या परंपरेतल्या, मीमांसकांनी त्यासाठी अनुपलब्धी (वस्तू न आढळणं) हे ज्ञानाचं वेगळं प्रमाण मानलं, नैयायिकाने प्रत्यक्षातच बसवलं. त्याचा बोध सरळ उभा राहतो : धावण्याला अनुकूल प्रयत्नाचा अभाव ज्याच्या ठायी आहे असा मृग. दिसणारं हरीण समोर, आणि त्याच्या ठायी दिसणारं न धावणं. ‘मृगः’ च्या प्रथमेचा जुना प्रश्न त्याला इथेही सोडवावा लागेलच. पण काय बघायचं, या प्रश्नाला या वाक्यात त्याच्याइतकं स्वच्छ उत्तर दुसऱ्या कोणाकडे मला सापडत नाही.